मसुद्याचं नाव घ्यायचं नाही

सुंदररावांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याबाहेर चपला काढल्या, पायानं कोपऱ्यात सरकवल्या, देवळात शिरताना उंबऱ्याला लावावा तसा पिंजऱ्याच्या पायरीला हात लावून कपाळाला टेकवला आणि वर चढून न्यायाधीशबाईंना म्हणाले,

"बाईसाहेब, आदीच सांगून ठिवतो. म्या जे सांगणार हाय ते कुणालाबी पटायचं न्हाई. माझ्या लग्नाच्या बायकुला पटलं न्हाई."

"आधी शपथ घ्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"घेतो की. पर शपथ घिऊन सांगितलं तरबी पटायचं न्हाई."

मागच्या बाकावर सुग्रीव बसला होता. त्यानं मांडीवरचं पाकीट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मान वर करून छताकडे बघितलं. छताकडे बघायचा त्याला हुकूमच होता. सकाळी कचेरीतून निघताना इंजिनिअरसाहेबांनी जीपच्या खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं होतं, "पाकीट न्यायचं, बसायचं, परत आणायचं. न्यायाधीशांनी काही विचारलं तर सरकारी वकिलाकडं बघायचं. वकिलानं काही विचारलं तर वर बघायचं. तोंड उघडलंस तर ते जेवायला उघडायची पाळी येणार नाही, एवढं ध्यानात ठेव." सुग्रीव पाणीखात्यात कनिष्ठ लिपिक होता, नोकरी अजून कायम व्हायची होती. तो सकाळपासून इतका वर बघत होता की पंख्याच्या कोणत्या पात्याला किती धूळ आहे हे त्याला तोंडपाठ झालं होतं.

पाकिटावर लाखेचा शिक्का होता आणि शिक्क्याच्या वर 'गोपनीय' असं लिहिलं होतं. ते सुग्रीवनंच लिहिलं होतं. आत एकच कागद होता, तोही सुग्रीवनंच लिहिलेला. म्हणजे जगात ज्या एका माणसाला त्या कागदातलं अक्षर न् अक्षर माहीत होतं, त्याच्याचकडे तो कागद कुणाला कळू नये म्हणून सांभाळायला दिला होता. सरकारचं डोकं असं चालतं.

प्रकरण एका मोटरीचं होतं. सिंदफणेच्या काठावरच्या वाडीची पाण्याची मोटर ऐन एप्रिलात जळाली. बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर आल्या, तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी वाडीतल्या शफी मिस्त्रीला बोलावून सांगितलं, "घेऊन जा आणि वाइंडिंग करून आण. मंजुरीचं मागनं बघू." मंजुरी मागनं यायच्या आधी जिल्ह्याहून गोदाम तपासायचा हुकूम आला. कागदोपत्री गोदामात असलेली मोटर तिथं नव्हती. सुग्रीवनं दोन पंचांसमोर, गोदामाच्या ओट्यावर बसून, जे होतं ते लिहिलं. संध्याकाळी साहेबांनी त्यातल्या एका ओळीवर लाल रेघ मारली, आणि पक्क्या पंचनाम्यात त्या ओळीच्या जागी 'मोटर चोरीस गेल्याचे आढळून आले' असं आलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांना मोटर शफीच्या दुकानात सापडली. शोधायला फार त्रास पडला नाही. ती दाराशीच टेबलावर होती, खात्याचा नंबर पांढऱ्या रंगात दिसेल अशी रस्त्याकडे तोंड करून. चोरानं चोरीचा माल असा उघड्यावर मांडल्याचं फौजदारालाही नवल वाटलं. पण नवल लिहायला पंचनाम्यात रकाना नसतो.

शफीचं दुकान सील झालं. तो जामिनावर सुटला होता आणि आज आरोपीच्या जागी, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा अवघडून उभा होता. साहेबांनी त्याला मोटर दिली असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. साहेब शपथेवर सांगून गेले होते की असं काही झालं नाही. दोन पंचांपैकी म्हाळू ऊसतोडीला कर्नाटकात गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. उरले सुंदरराव. त्यांच्या साक्षीनंतर दुसरी साक्ष नव्हती. आजचा दिवस गेला की शफी आत जाणार, हे कोर्टाबाहेरच्या रसवंतीवाल्यालाही कळलं होतं.

शफीची वकील तेजश्री नावाची तरुण बाई होती. तिनं सकाळी अर्ज दिला होता की गोदामातला कच्चा मसुदा कोर्टापुढे ठेवा. त्यावर खातेप्रमुखांचं प्रतिज्ञापत्र आलं. सरकारी वकिलांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून वर पदरचंही थोडं जोडलं.

"मॅडम, कच्चा मसुदा म्हणजे सरकारचा मनातल्या मनात चाललेला विचार. माणूस मनातल्या मनात काय काय बोलतो, ते चव्हाट्यावर आणलं तर कुठला अधिकारी मोकळेपणानं लिहील? अप्रकाशित सरकारी कागद उघड न करण्याचा विशेषाधिकार सरकारला आहे."

"सरकारच्या मनात काय होतं ते आम्हाला नकोच आहे," तेजश्री म्हणाली. "गोदामात काय होतं ते पाहिजे."

न्यायाधीशबाईंनी दोघांकडे बघितलं, मग पाकिटाकडे, मग सुग्रीवकडे. सुग्रीवनं सरकारी वकिलाकडे बघितलं, सरकारी वकिलानं सुग्रीवकडे बघितलं, म्हणून सुग्रीवनं वर बघितलं.

"या साक्षीदाराची साक्ष झाल्यावर मी अर्जावर निर्णय देईन," त्या म्हणाल्या. "तोवर मसुद्यातला मजकूर कुणी विचारायचा नाही आणि कुणी सांगायचा नाही."

आणि मग पुकारा झाला आणि सुंदरराव आले.

सरकारी वकिलांचं काम दोन वाक्यांत उरकलं. पक्क्या पंचनाम्यावरची सही तुमचीच का? माझीच. वाचून केली का? ह्याच्यावर सुंदरराव म्हणाले, "एसटी सुटायला लागलीती. कंडक्टरच्या पाठीवर कागद ठिवून केली. त्यो पुढं सरकला म्हणून 'सुंदर' एका रेघंत आन् 'राव' दुसऱ्या रेघंत गेलंय, बगा." वकिलांनी बघितलं. तसंच होतं. ते खाली बसले. हे त्या दिवसातलं सुंदररावांचं शेवटचं खरं वाक्य ठरणार, हे सुग्रीवला त्यांच्या मिशीवरूनच कळलं. थाप मारायच्या आधी त्यांची डावी मिशी जरा वर जायची.

ती मिशी सुग्रीव लहानपणापासून वाचत आला होता. वाडीच्या फाट्यावर भामाबाईचं हॉटेल आहे. दिवस मावळला की सुंदरराव तिथं बाकड्यावर बसून थापा मारत आणि सगळी वाडी ऐकायला जमे. ते म्हणाले 'पाऊस आला' तर लोक अंगणात हात धरून बघत आणि मगच वाळवण उचलत. पण या थापांना एक कायदा होता आणि तो भामाबाई कडक पाळायची. थाप पकडायची तर तिथल्या तिथं, उभं राहून, मोठ्यानं पकडायची. आणि नुसतं 'खोटं' म्हणून भागायचं नाही. खरं काय ते त्याच दमात सांगायचं. सांगितलं तर चहा सुंदररावांकडून. नाही सांगता आलं तर थाप खरी धरली जायची, कायमची. अशा रीतीनं वाडीत पुष्कळ गोष्टी खऱ्या झाल्या होत्या. निजामाच्या काळात परळीहून वाडीपर्यंत एक भुयार होतं, ही त्यातलीच. तिच्यावर शाळेच्या सहलीसुद्धा येऊन गेल्या होत्या.

सगळ्यांत जास्त चहा प्यायला होता सुग्रीव. त्याला खोटं ऐकलं की अंगावर मुंग्या चढत. शफी त्याच्या शेजारी बसायचा, त्याला कळायचंही नाही की थाप कुठली आणि खरं कुठलं; तो तोंड उघडं टाकून ऐकायचा आणि सुग्रीव उठला की टाळी वाजवायचा. पकडलेल्या चहातला अर्धा बशीत ओतून त्याला मिळायचा.

सुग्रीवनं ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळपासून त्यानं शफीकडे बघितलं नव्हतं. मनाशी त्याचा हिशेब साफ होता: आपण खोटं बोललेलो नाही. साहेब बोलले. आपण गप्प आहोत, आणि गप्प राहायला आता वरून कायद्यानंच सांगितलंय. कोर्टानं मागितलं तर पाकीट देऊ. नाही मागितलं तर आपण काय करणार?

तेजश्री उलटतपासाला उठली.

"सुंदरराव, तपासणीच्या दिवशी तुम्ही गोदामात गेला होतात?"

"गेलतो की. आता बगा, ही मोटर म्हंजी साधी मोटर न्हवं. चालू केली की सिंदफणा उलटी व्हायची. माजलगावच्या धरणातलं पाणी माघारी येऊन आमच्या टाकीत पडायचं. नळ सोडला की घागरीत हातभर मासा. भामाबाईनं तर दोन महिने मच्छीचंच हॉटेल चालवलं."

स्टेनोची बोटं थांबली. सुग्रीवच्या पायाच्या अंगठ्यात पहिली मुंगी चावली. भामाबाई माळकरी होती.

"मुद्द्यावर या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मुद्द्यावरच हाय बाईसाहेब. गोदाम. गोदामाला कुलूप न्हाई. मुंगूस हाय. खात्यानं पाळलंय. कुणी आत शिरलं की त्ये पायाला धरतंय. त्याला म्हैन्याला अंडी मंजूर हायेत. अंड्याचं बिल सुग्रीवच काढतो, त्यो बगा तिथं बसलाय."

सगळं कोर्ट सुग्रीवकडे वळलं. मुंगूस नव्हतं. मांजर होतं, आणि तेही खात्याचं नव्हतं. जुन्या मीटरच्या खोक्यात व्यालेलं होतं म्हणून कुणी हाकललं नव्हतं. सुग्रीवची जीभ दातांवर येऊन टेकली. त्यानं पंख्याचं डावं पातं बघितलं.

"तिथं काही लिहिलं गेलं का?" तेजश्रीनं विचारलं.

"हरकत!" सरकारी वकील उठले.

"काय लिहिलं ते मी विचारत नाही. लिहिलं गेलं का, एवढंच."

"लिवलं की," सुंदरराव म्हणाले. "ह्यो मसुदा..."

"हरकत! मॅडम, साक्षीदार मसुद्याकडे चाललाय."

"सुंदरराव, मसुद्याचं नाव काढू नका," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

सुंदररावांनी आज्ञाधारकपणे मान हलवली. थोडा विचार केला.

"नाव घ्यायचं न्हाई. बरं. आमची बायकूबी माझं नाव घेत न्हाई, लग्न झाल्यापासनं. पर उखाण्यात घेती. मी उखाण्यात घिऊ का?"

"अहो..."

"पाण्याच्या टाकीवर एकटाच बगळा, मसुद्याचं नाव घेतो, कायदा ठेवा येगळा."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. पट्टेवाल्यानं 'शांतता' असं ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि तो स्वतःच हसला. स्टेनोनं विचारलं, "मॅडम, हेही घेऊ?"

"उखाणा वगळा," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बराच वेळ तसाच धरून ठेवला.

तेजश्रीच्या कपाळावर घाम आला होता. तिनं या म्हाताऱ्याला वरांड्यात भेटून बजावलं होतं, काका, विचारेन तेवढंच सांगा. तेव्हा म्हातारा म्हणाला होता, पोरी, मी विचारलेलं कधी सांगितलंय का? तिनं ती गंमत समजली होती.

"तुमच्यासमोर कशावर लिहिलं?" ती म्हणाली. "म्हणजे कागद कुठला होता?"

"कागद?" सुंदररावांची मिशी वर गेली. "खात्याचा कागद मार्चातच संपतोय बाई. सुग्रीवकडं पेनबी न्हवता. गोदामाच्या दारात माझा पांढरा बैल उबा होता. त्याच्या पाठीवर लिवलं त्येनं, कोळशानं. मानेपासनं सुरू केलं ते शेपटापर्यंत. म्हाळूची सही एका फऱ्यावर, माझी दुसऱ्या फऱ्यावर. आन् मंग बैल माझा असून मला बघू देईनात! म्हनले, ह्याच्यावर सरकारचा इचार लिवलाय. झूल घालून ठिवा. तवापासून बैल झुलीत हाय. भर उन्हात! चरायला सोडायचा तर खातेप्रमुखाची परवानगी. पाण्यात बसला तर सरकारी कागद नष्ट केल्याचा गुन्हा माझ्यावर. पोलीस येऊन झूल उचलून बघायला गेला, तर त्येलाबी अधिकार न्हाई म्हणून त्यानं डोळं मिटून हातानं चाचपला."

"हरकत आहे!" सरकारी वकील ओरडले. "हे मसुद्याबद्दल आहे!"

"हे बैलाबद्दल आहे," तेजश्री म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी प्रतिज्ञापत्र उलटून पालटून बघितलं. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

"बैलाबाबत खात्यानं विशेषाधिकार मागितलेला दिसत नाही. हरकत फेटाळली. पण साक्षीदारानं आता बैल सोडावा."

"सोडला," सुंदरराव म्हणाले.

सुग्रीव घामानं निथळत होता. बैल! सुंदररावांनी बैलजोडी ट्रॅक्टर आला त्या वर्षी जनावरांच्या बाजारात विकली होती आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते. आख्ख्या वाडीला माहीत होतं. आणि पेन होता. निळा. आणि कागद होता, जुन्या हजेरीपटाची पाठकोरी बाजू, ती आत्ता त्याच्या मांडीवर, लाखेखाली होती. इतकं धडधडीत खोटं त्यानं जन्मात न पकडता सोडलं नव्हतं. ओठ आपोआप हलत होते. शेजारच्या कुठल्यातरी पक्षकारानं त्याला विचारलं, "जप करता का?" त्यानं मान हलवली. एकदा त्याचं बूड बाकावरून उचललंसुद्धा गेलं. त्यानं पाकीट छातीशी धरून ते परत टेकवलं. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. मग घरच्या मुलींचे. मग कायम झाल्याचा, अजून न आलेला हुकूम.

हे सगळं त्याला जमलं. बैल गेला, मुंगूस गेलं, मासे गेले. त्याला वाटलं, आपण तरलो.

तेजश्रीनं कागद आवरत शेवटचा प्रश्न विचारला. विचारायचा म्हणून विचारला. तिचा आवाजच सांगत होता की तिनं आशा सोडली आहे.

"मोटर चोरीला गेली हे तुम्हाला पहिल्यांदा केव्हा कळलं?"

पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून सुंदरराव पुढे वाकले. आवाज खाली आला, गोष्ट रंगात आल्यावर भामाबाईच्या हॉटेलात यायचा तसा.

"तिथंच, बाई. गोदामात. सुग्रीवनं लिवलं आन् आमाला वाचून दाखिवलं. कच्च्यात सरळ लिवलं होतं त्येनं, मोटर शफीनं चोरली म्हणून."

सरकारी वकील हरकत घ्यायला निम्मे उठले होते. ते तसेच, निम्मे उठलेले राहिले. मग त्यांनी हळूच कोट सारखा केला आणि खाली बसले.

तेजश्री पांढरी पडली. "सुंदरराव," ती म्हणाली, "मी हे विचारलं नाही."

"तुमी इचारलं, कवा कळलं. मी सांगतो, तवाच कळलं."

न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांकडे बघितलं. "तुमची हरकत नाही? हा मसुद्यातला मजकूर आहे."

"साक्षीदार ओघात बोलला, मॅडम," सरकारी वकील म्हणाले. "आता काय त्याचं तोंड धरायचं?"

न्यायाधीशबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग स्टेनोला म्हणाल्या, "घ्या."

टकटक सुरू झाली. आरोपीच्या बाजूच्या बाकावर शफीची बायको जरीना बसली होती. तिनं हातातली दस्ती तोंडाशी नेली आणि ती दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या अल्ला! चाचा, ये क्या बोल रै तुमे?" शफी सुंदररावांकडे बघत होता, तोंड उघडं टाकून. हे खरं की खोटं, हे त्याला आताही कळत नव्हतं.

"पुढं आईका," सुंदरराव म्हणाले. त्यांची मिशी एवढीही हलली नव्हती. सुग्रीव डोळे फाडून बघत होता आणि ती हलत नव्हती. "लिवताना सुग्रीवला म्या म्हनलं, आरं नीट इचार करून लिव, लेकराबाळाचा मानूस हाय. तर ह्यो म्हनला, काका, तुमाला ठावं न्हाई. मी शाळंपासनं वळखतो ह्येला. बारीक होता तवापासनंच चोर हाय. माझी सायकलची चैन नीट करून द्यायचा आन् घंटी काढून घ्यायचा. असल्याला आतच टाकाय पायजे. असं म्हनला, आन् खाली दोनदा रेघ वडली."

टकटक. टकटक.

सुंदरराव थांबले. बोलायचं संपल्यासारखे थांबले नाहीत. त्यांनी कठड्यावरचे हात काढले, धोतराचा सोगा सारखा केला आणि नजर वर, पंख्याकडे लावली. बाकड्यावर बसून थाप पुरी झाली की ते असेच वर बघत, चहाची वाट बघत असल्यासारखे.

सुग्रीवनं सरकारी वकिलाकडे बघितलं. ते शेजारच्याला हळूच काहीतरी सांगून हसत होते. त्यानं वर बघितलं. वर सुंदररावांची नजर आधीच जाऊन बसली होती. मग पहिल्यांदाच त्यानं शफीकडे बघितलं. शफी आता त्याच्याकडेच बघत होता. रागानं नाही. गोष्ट ऐकताना मध्येच काही कळलं नाही की तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, तसा.

न्यायाधीशबाई स्टेनोला म्हणाल्या, "झालं का? मग वाचून दाखवा आणि सही घ्या त्यांची."

पाकीट जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, तेव्हा सुग्रीवला कळलं की आपण उभे आहोत.

"खोटं!" तो ओरडला. आवाज एवढा मोठा होता की खिडकीतली कबुतरं उडाली. पट्टेवाला धावला, सरकारी वकील "अरे बस, बस!" करत उठले, पण वाक्य अर्ध्यावर सोडायची सुग्रीवच्या जिभेला सवयच नव्हती. "साफ खोटं हाय! मी असं कवाच म्हनलो न्हाई! घंटी माझी मीच हरवलीती! आन् मसुद्यात चोरीचं नावबी न्हवतं बाईसाहेब, मीच लिवलाय त्यो, ह्या हातानं, निळ्या पेनानं. 'साहेबांच्या तोंडी आदेशाने मोटर दुरुस्तीसाठी शफी मिस्त्री यांच्याकडे पाठवली आहे,' असं लिवलंतं म्या!"